कंची मेंढी?

कडूबाईचा एडका राजा जाऊन महिना होत आला होता. सगळा कळप त्या एकाच नरावर चालायचा, आणि तोच भरदुपारी ओढ्यातून गायब झाला. तेव्हापासून बाईचा कुणावरच भरोसा राहिला नव्हता. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की हिच्या हातात दगड.

त्यात ही पोर. शिरूरच्या रस्त्यावर मळा असलेल्या शिवशंकररावांची तेजश्री. एडका गेल्यावर आठवड्यानं ती उगवली. शाळा सुटली की बांधावर बसायची, मेंढरांकडं टक लावायची आणि वहीत काहीबाही उतरवायची. बड्या घरची पोर उन्हात बसती कावून? चोरांना खबर देत असणार, दुसरं काय!

चौथ्या दिवशी कडूबाईनं वहीच हिसकावली. आत पानोपान मेंढरं.

"चित्रकलेची परीक्षा हाय, मावशी," पोर घाबरून म्हणाली.

"ही कंची?"

"मेंढी."

"ते दिसतंय. कंची मेंढी?"

पोरीनं नुसतंच कळपाकडं बोट केलं. कडूबाईचं डोकंच फिरलं. "चाळीस लेकरं हायत माझी, आन् समद्यांना एकच थोबाड चिकटवलंस व्हय गं? ही भोरी बघ, कान कसा पाडती. ती म्हातारी बघ, एका गालानं चावती. आधी बघ, मग काढ."

पोर गुमान बघू लागली. रोज काढायची, रोज दाखवायची. कडूबाई रोज नाक मुरडायची, तरी आठवडा जाता जाता तिला पानावरची भोरी ओळखू आली, मग म्हातारी. संशय मात्र जाता जाईना. पोरीला आधी घराकडं पिटाळायची आणि मगच कळप दुसऱ्याच वाटेनं न्यायची.

त्या दिवशी तेजश्री पळतच आली. "आज लई झ्याक जमलंय, मावशी. हे बघा."

कडूबाईनं पान बघितलं आणि वही डोळ्यांजवळ ओढली. उजवं शिंग टोकाला तुटलेलं. नाकावर तारेचा वण. मान तशीच, रागीट.

"हा कुठं भेटला तुला?"

"आमच्या गोठ्यात. आण्णांनी घाटनांदूरच्या आत्याकडनं काल आणलाय. शुक्रवारी कंदुरीचं जेवण हाय ना, त्याला कापायचाय."

आण्णा. एडका गेला तेव्हा हेच शिवशंकरराव बांधावर येऊन हळहळले होते, गाडीवाले चोर असतील म्हणाले होते. आणि आपण इतके दिवस या लेकराला चोर समजत होतो. कडूबाईला संताप आला आणि लाजही वाटली.

"मावशी, चुकलं का कुठं?"

"न्हाई, बाई. एक रेघबी चुकली न्हाई. माझा राजा हाय ह्यो."

तेजश्रीचा चेहरा उतरला. मग तिनं चित्राखाली आपलं नाव घातलं, पान फाडलं आणि कडूबाईच्या हातात दिलं.

"चला, मावशी. आण्णा घरीच हायत. काढलंय कुणी म्हणून विचारलं, तर मी सांगते."