दोन थर कमी

नखाएवढं झाड चिमट्यात धरून ती थांबली. बुंध्याला गोंद लावून झाला होता, जागाही ठरलेली होती, पण ती जागा म्हणजे नेमकी घळ होती, डोंगराच्या माथ्यापासून सरळ खाली उतरणारी, दर पावसाळ्यात डोक्याएवढे धोंडे आणून टाकणारी... आणि नकाशावर तिथे ‘बाल उद्यान’. बाल उद्यान म्हणे! ज्याला हे सुचलं त्याने आपली पोरं नेऊन बसवावीत तिथे.

तिचं काम नमुने बनवायचं. बिल्डरच्या इमारती उभ्या राहण्याआधी ती त्या टेबलावर उभ्या करते आणि लोक त्या बघून घरं घेतात. डोंगरही तिने फोमचे थर एकावर एक चिकटवून अगदी मापात केला होता, कड्यासकट. मग विक्रीवाले साहेब आले, मान तिरकी करून म्हणाले, “मॅडम, हा अंगावर येतोय हो. दोन थर काढा की. आणि ती भेग बुजवून गवत टाका.” डोंगर म्हणजे यांच्या बापाची जहागीर! तिच्या अंगाचा तिळपापड झाला – आणि तिने थर काढले. कडा घासून मागे सारला, घळ बुजवली, वर हिरवा भुसा भुरभुरला. तोंडाने साहेबांचा उद्धार चालू होता, हात आपलं काम करत होते.

दुपारी धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन थेट तिच्या कामाच्या खोलीवर आली. सातवा महिना, तरी टेबलाभोवती दोनदा फिरली.

“ताई, कित्ती गोड केलंयस गं! हे आमचं, तळमजल्यावरचं, बागेला लागून. मला धास्ती होती, डोंगर अगदी खेटून असेल. चांगला लांब आहे की.”

“नमुना आहे तो,” ती म्हणाली.

“ताईंनी केलाय म्हणजे मापात चूक नसणार,” बहिणीचा नवरा म्हणाला. “उद्या सही करून टाकतो.”

सांग... आत्ता सांग. पण काय सांगायचं – साहेबांनी कापला? निलाजरा, थापाड्या, लोकांच्या जिवावर उठलेला... सकाळपासून शब्द कमी पडले नव्हते, आता मात्र एकेक शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिच्याकडेच वळायचा. सुरी कुणाच्या हातात होती? बहीण उतारावरून हलकेच बोट फिरवत होती, जिथे घळ होती तिथूनच.

“बघ ना, जोडसुद्धा लागत नाही हाताला,” ती नवऱ्याला कौतुकाने म्हणाली. आणि ताईला आपल्याच हातांची अशी चीड आली, की ते कुठे ठेवावेत हेच तिला कळेना.