तेल कमी काहून झालं?

पुंडलिकरावांनी डिपस्टिक तिसऱ्यांदा पुसली, इंजिनात पार खालपर्यंत घातली आणि बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. फडक्यावर काजळासारखा काळा डाग. बोटाने चाचपलं तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. आज खांडेनवमी, गाडीची पूजा करायची, आणि गाडीच्या पोटात हा असा चिखल!

"बंड्यानं फसवलं मला," ते स्वतःशीच म्हणाले. रागाने त्यांचे कान तापले.

छोट्या गाडीचं तेल केव्हा बदलावं, हे पुंडलिकरावांना देवानेसुद्धा शिकवायला येऊ नये. कारखान्यात गाड्या तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. त्यांचा नियम साधा होता: पाच हजार किलोमीटर नाहीतर एक वर्ष, जे आधी येईल ते. आजकालच्या तेलाला दहा हजारही चालतात असं जबलपूरच्या रांझीतल्या कोणी म्हटलं, तर ते म्हणत, "तुमच्या गाडीला चालत असतील. माझ्या नाही." गंमत अशी की गेली तीन वर्षं त्यांच्या गाडीचं वर्षच आधी यायचं, कारण गाडी हलतच नव्हती. डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला, बारीक आकडे पुसट झाले आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. पुंडलिकरावांनी ते ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. "जरा डोळा सुधरू द्या, मग पाहा," असं ते आल्यागेल्याला ऐकवत. तोवर रोज सकाळी गाडी पुसायची, दहा मिनिटं चालू ठेवायची, आणि गुढीपाडवा आला की बंडूने घमापुरातून यावं, गाडी आपल्या गॅरेजात न्यावी नि तेल बदलावं. उभ्या गाडीतही तेल म्हातारं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा बंडू कारखान्यात वीस वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी त्याला तिथल्या तिथे फोन लावला.

"काय बे बंडू, पाडव्याला कोणाचं जुनं तेल माझ्या गाडीत ओतलं?"

"दादा, सणावाराचं असं काहून बोलून राहिले? सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडला होता."

"मग उभ्या गाडीत सहा महिन्यांत काळं झालं कसं? कमीपण झालं."

"मीटर पाहिलं का?"

"उभ्या गाडीचं मीटर काय पाहू? तिला काय पाय फुटले?"

बंडू म्हणाला, "दादा, मला चोर म्हणण्याआधी एकदा वहिनीला विचारून घ्या." आणि त्याने फोन ठेवून दिला.

वहिनीला? तिला गाडीतलं काय कळतं! तरीपण पुंडलिकरावांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "अगं इंदिरा, गाडीतलं तेल कमी काहून झालं?"

आता जबलपुरात पंपावर 'भैया, तेल डाल दो' म्हटलं की पेट्रोलच भरतात. तिथल्या मराठी घरांतही तेल म्हणजे पेट्रोल. तेलाला तेल आणि पेट्रोलला पेट्रोल म्हणणारा अख्ख्या मोहल्ल्यात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे पुंडलिकराव.

इंदिराबाई पुरणाचे हात घेऊन तरातरा बाहेर आल्या. "कमी कसं होईल? परवा पनागरहून येता येता टाकी फुल करून आणली ना मी!"

आणि मग त्यांनी जीभ चावली.

पुंडलिकराव पायरीवर बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. पनागरला इंदिराबाईंची धाकटी बहीण शकु एकटी राहते. ती चैत्रात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. 'बसने जात जा,' असं पुंडलिकरावच म्हणाले होते. चार दिवस बसने हाल सोसल्यावर इंदिराबाईंनी शाळेची व्हॅन चालवणाऱ्या अमिताला गाठलं आणि महिनाभर मैदानावर गाडी शिकून घेतली. पुंडलिकराव रोज अकराच्या बसने पेन्शनरांच्या ऑफिसात गप्पा हाणायला जात. ते चारला परत येईपर्यंत गाडी पनागरला जाऊन जागेवर आलेली असे.

"लायसन?"

"आहे की. पहिल्याच फटक्यात."

"साठाव्या वर्षी?"

"एकसष्टाव्या."

"आणि बंड्याला ठाऊक!"

"टायर पंचर झाला तेव्हा त्यालाच बोलावलं होतं."

"मग मला काहून नाही सांगितलं?" त्यांचा आवाज चढला खरा, पण मध्येच फाटला.

इंदिराबाई पदराला हात पुसत राहिल्या. "तुम्ही रोज सकाळी किती मनापासून पुसता हो तिला. मी चालवते असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही फडकं हातात घ्यायचे नाही. मला पाहवलं नसतं ते."

पुंडलिकरावांना फार वाईट वाटलं. बायकोचं खरं होतं, म्हणूनच जास्त वाटलं.

"मीटर वाच," ते शेवटी म्हणाले.

इंदिराबाईंनी वाचलं. पाडव्याचा आकडा पुंडलिकरावांना तोंडपाठ होता, त्यांनी मनातच वजाबाकी केली. "पाच हजार ऐंशी! ऐंशी वर झाले! गाडी पळवतेस आणि तेल पाहत नाहीस?"

"तेल पाहायला तुम्ही आहात ना!"

पुंडलिकरावांना हसू आलं, ते त्यांनी मिशीतच दाबलं. "किल्ली घे. बंड्याकडे चल."

सवयीने ते उजव्या दाराशी गेले. मुठीला हातही लागला. इंदिराबाई मागे थांबल्या. मग पुंडलिकराव गाडीला वळसा घालून डावीकडे आले आणि बसले.

घमापूरपर्यंत त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "हॉर्न दे! अगं, हॉर्न!"

"दिला. तुम्हीच ओरडून राहिले, ऐकू कसा येईल?"

एका भाजीच्या ठेल्याला वळसा घालून इंदिराबाईंनी गिअर बदलला, तो पुंडलिकरावांना कळलासुद्धा नाही. त्यांनी कान दिला. इंजिन कुरकुरत नव्हतं. हेवा वाटला त्यांना, आणि अभिमानही. "क्लच बरा सोडतेस," ते म्हणाले.

बंडू गॅरेजच्या दारातच फुगून उभा होता. पुंडलिकरावांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "चुकलो बे. माफ कर."

"चलो, दादांनी माफी मागितली, दसरा आजच झाला!" बंडू हसत गाडीखाली शिरला. काळं तेल घळाघळा निघालं, नवं मधाच्या रंगाचं आत गेलं. मग त्याने बॉनेटच्या आत चिकटवायची चिठ्ठी लिहायला घेतली. "पुढच्या दसऱ्याची तारीख टाकतो, दादा."

"तारीख नको," पुंडलिकराव म्हणाले. "किलोमीटर लिही. आता तेच आधी येतील."

बंडूने पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून आकडा लिहिला.

इंदिराबाईंनी गाडी सुरू केली. "घरी घेऊ?"

"पनागरला घे. सणाचं शकुनं एकटीनं काहून जेवावं?"

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. पुढचं सगळं पुंडलिकरावांना धुरकट दिसत होतं. हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी ते दोन्ही मांडीवर ठेवले.