पेन्सिलीनं लिहिलेली सासू

आमच्या सूनबाईंचं यादीशिवाय पान हलत नाही. फ्रिजवर कागद, त्यावर टू-डू लिस्ट. काम झालं की समोर बरोबरची खूण करायची आणि लहान मुलीसारखं खूश व्हायचं. पण काम पूर्ण झाल्याशिवाय खूण नाही, हा तिचा कायदा. मी अर्धं आयुष्य शिवणाचं दुकान चालवतेय, माझी यादी कायम डोक्यात.

तिच्या ऑफिसातलं इंग्रजी घरात शिरलं आणि आमचे हे मास्तर झाले. "प्लॅन बी म्हणजे पहिलं फसलं तर करायचं ते. बॅक बर्नरवर म्हणजे तूर्त मागे ठेवलंय, पण सोडलेलं नाही."

"म्हणजे तुमचं माळा आवरणं," मी म्हटलं. मास्तरांनी लगेच पेपर उघडला.

मग तिला दिवस गेले. पोरीला आई नाही. बाळंतपणात तिच्याजवळ मी असावं, एवढंच मला हवं होतं. पण बोलावल्याशिवाय पुढे व्हायचं नाही, हा माझा ताठा. एकदा ऑफिसला निघता निघता ती म्हणाली, "आई, दवाखान्यासाठी तुम्हाला पेन्सिल इन केलंय हं."

मी ह्यांना अर्थ विचारला.

"तात्पुरतं धरलंय. पक्कं नाही, पुढे खोडता येतं."

माझं डोकंच फिरलं. आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलले. हे समजूत घालायला आले, त्यांनाही दोन शब्द सुनावले.

शेवटी तीच दुकानात आली, पोट सांभाळत स्टुलावर बसली. "आई, माझं काही चुकलं का?"

"खोडरबर आणलंस का?"

आधी तिला कळेना. कळलं तसे डोळे भरले. "अहो आई, बाळ येईल तेव्हा तुमचा सीझन. शाळेच्या गणवेशांची एवढी मोठी ऑर्डर. तुम्हाला नाही म्हणायला अवघड जाऊ नये, म्हणून पेन्सिल. प्लॅन बी नाहीये माझ्याकडे. तुम्हीच आहात."

"अगं वेडाबाई, तुझी बातमी कळली त्याच दिवशी मी शाळेला कळवलंय. या वर्षी गणवेश दुसरीकडे शिवून घ्या म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का?"

ती रडता रडता हसायला लागली. मलाही आवरेना.

संध्याकाळी पाणी घ्यायला फ्रिज उघडायला गेले. कागदावर 'दवाखाना – आई' असं ठळक शाईनं गिरवलं होतं. बाळ यायला अजून अवकाश होता, तरी पुढे बरोबरची खूण केलेली होती.