पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर

नेरूळच्या त्या कॉलेजात डिजिटल डिझाइनच्या पदवीची पहिली तुकडी बसली तेव्हा लॅबमध्ये कॉम्प्युटर होते नऊ आणि मुलं सव्वीस. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतून आलेली राजेश्वरी ही त्यातली एकटीच. वडील वाशीच्या मार्केटात पोती वाहायचे, आई भागीरथी तिथेच कांदा निवडायची. मुलगी कॉम्प्युटरवर नेमकं काय शिकते हे वसाहतीत कुणालाच धड कळत नव्हतं.

"टायपिंग का गं?" शेजारणी विचारायच्या.

"नाही काकी. पडद्यावरचं अक्षर केवढं हवं, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी दिसेनासा होतो, बटण कुठे ठेवलं की माणसाचा हात आपसूक तिथे जातो, ते शिकते."

काकी समजल्यासारखी मान डोलवायच्या. "म्हंजे रंगकाम."

अठ्ठ्याण्णव साली शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आला. विभागप्रमुख विश्वजित सरांनी सगळ्यांना एकच विषय दिला: दवाखान्याच्या दारात ठेवायचा टचस्क्रीन. बोट लावलं की कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते पडद्यानं सांगायचं. वर्षाअखेरीच्या प्रदर्शनाला कंपन्यांची माणसं येणार होती, त्यातून नोकऱ्या मिळणार होत्या. हे नऊ कॉम्प्युटर सरांनी दोन वर्षं संस्थेचे उंबरे झिजवून मिळवले होते, आणि त्यांचं चीज झालेलं त्यांना दाखवायचं होतं.

वर्ग कामाला लागला. उरणचा शोएब थ्री-डीत सगळ्यांच्या पुढे. त्यानं धडधडणारं काळीज केलं, इतकं हुबेहूब की पोरं त्याच्या मागे घोळका करून उभी राहायची. कुणी चकचकीत बटणं केली, कुणी हसणारी नर्स. राजेश्वरीनं मात्र पहिला आठवडाभर माऊसला हात लावला नाही. ती एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशेजारी वही घेऊन बसली आणि लोक काय विचारतात ते लिहीत राहिली.

अस्थिरोग विभाग कुठे आहे, असं चार दिवसांत एकानंही विचारलं नाही. "गुडघा कुठं बघत्यात?" "कान फुटलाय, कुनाकडं जायाचं?" "बाई, पोराच्या पोटात दुखतंय." लोक दुखणं हातानं दाखवत होते.

तिनं पडदा तसाच आखला. मधोमध माणसाची साधी आकृती. जिथे दुखतं तिथे बोट लावा. मग मोठ्या देवनागरी अक्षरांत खोलीचा नंबर, आणि जमिनीवरच्या ज्या रंगाच्या पट्टीवरून चालायचं तो रंग. बस्स.

सरांनी कागद उलटसुलट पाहिले. "हे बालवाडीचं काम आहे, राजेश्वरी. इंग्लिश कुठाय? अ‍ॅनिमेशन कुठाय?"

"सर, मी चार दिवस बसले होते तिथे. लोकांना..."

"लोक नोकरी देणार नाहीत तुला. कंपनीवाले देणार. मेनू इंग्लिशमध्ये घे, आकृती काढून टाक, शोएबकडून एखादं थ्री-डी घे. आठवडा देतो."

"नाही काढणार, सर."

सर रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. शांतपणे त्यांनी वर्गातल्या पहिल्या नऊ नंबरांची यादी काढली आणि प्रदर्शनात तिच्या नावावर असलेला कॉम्प्युटर शोएबच्या नावावर केला. शोएबला आता दोन मशीनं.

मधल्या सुट्टीत तो तिच्यापाशी आला. "मी मागितला नव्हता गं. तू घे एक. सरांना सांगतो मी."

"तुला काढतील मग. राहू दे," ती म्हणाली. तोंडानं म्हणाली खरी, पण आतून पेटली होती. तीन वर्षं हेच तर शिकवलं होतं ना, की पडदा वापरणाऱ्यासाठी असतो? मग वापरणारा मराठी बोलतो, अंगठा उठवतो, म्हणून तो हिशेबातच नाही?

घरी वडिलांनी मार्केटातून टीव्हीचा रिकामा खोका आणून दिला. राजेश्वरीनं त्याला पुढून चौकोनी खिडकी पाडली. एकेक पडदा पुठ्ठ्यावर रंगवला. असे एकतीस झाले. रविवारी ती दवाखान्याबाहेरच्या बस स्टॉपवर खोका मांडून बसली. माणसानं खिडकीतल्या चित्रावर बोट ठेवलं की मागून पुठ्ठा ओढायचा आणि पुढचा सरकवायचा. लोक आधी हसायचे, मग खरोखरच आपलं दुखणं दाखवायचे. चाळीस माणसांची नोंद तिनं वहीत केली. कोण कुठे थांबलं, कुणी काय चुकीचं दाबलं, सगळं.

प्रदर्शनाच्या दिवशी लॅबमध्ये तिला जागा नव्हती. तिनं जिन्याच्या वळणावर टेबल लावलं, वर खोका ठेवला, स्वतः मागे उभी राहिली. वर जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यासमोरूनच जावं लागत होतं.

"हे काय?" टाय लावलेले एक गृहस्थ थांबले.

"टचस्क्रीन. मशीन मिळालं नाही, म्हणून मशीन मीच आहे. कुठे दुखतंय तुमचं?"

ते हसले आणि मानेवर बोट ठेवलं. पुठ्ठा सरकला. त्यांनी दुसऱ्याला हाक मारली. तासाभरात जिन्यावर गर्दी झाली आणि सर खाली आले.

"परवानगी कुणी दिली?"

"जिन्यावर उभं राहायला परवानगी लागते, हे माहीत नव्हतं सर."

तेवढ्यात भागीरथी आली. सकाळची पाळी आटपून थेट बसनं आलेली, पदराला कांद्याची टरफलं तशीच. लेकीनं काय केलंय ते तिनं अजून पाहिलं नव्हतं. गर्दी बाजूला झाली.

"आई, डोळा दुखतोय असं समज. मी काही सांगणार नाही."

भागीरथीनं आकृतीच्या डोळ्यावर बोट ठेवलं. पुठ्ठा बदलला. पिवळी पट्टी, खोली नंबर बारा आणि समोर जा असं सांगणारा, वर टोक असलेला बाण. भागीरथीनं बाणाच्या टोकावर बोट फिरवलं. मग तिनं मान वर करून जिन्याकडे पाहिलं.

"वरल्या मजल्यावर जायाचं न्हवं?"

दवाखान्यातली खोली बारा तळमजल्यावर होती. कुणीतरी फिसकन हसलं.

"बघ," सर म्हणाले, आवाज न चढवता. "तुझ्या आईलाच कळलं नाही."

आईनं ओशाळून पदर सावरला. ते पाहिलं आणि राजेश्वरीची भीडच मेली.

"नाही कळलं, सर. कारण बाण चुकलाय. आई नाही चुकली." तिनं वही उघडून सगळ्यांसमोर लिहिलं: एक्केचाळीस, भागीरथी, बाण. "चाळीस जणांपैकी सहा जण इथेच थबकले होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नव्हतं. आता बदलते. वर लॅबमध्ये जे पडदे लावलेत, त्यांत कोण कुठे अडकलं, ते लिहिलंय कुणी?"

सर जिना चढून गेले.

तिनं तिथेच पायरीवर बसून नवा पुठ्ठा केला. बाणाऐवजी पिवळ्या पट्टीवर चालणारी दोन पावलं. "आता कसं?" तिनं विचारलं.

"आता चालत जायाचं, पिवळ्यावरनं," भागीरथी म्हणाली. "आधीच असं काढायचंस की."

निकाल लागला. प्रोजेक्टमध्ये राजेश्वरी नापास. शेरा होता, तांत्रिक माध्यमाचा वापर नाही. शोएबला अंधेरीच्या कंपनीत नोकरी लागली. त्या टायवाल्या गृहस्थांनी कार्ड दिलं होतं, पण फोन केल्यावर म्हणाले, पदवी घेऊन या. त्या दिवशी ती रडली, आणि ते आईनं पाहिलं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं. विषय बदल. साधं कॅलेंडर कर, काही अडचण येणार नाही."

"विषय तोच राहील."

"हट्टानं डिझाइन होत नसतं, राजेश्वरी."

"तुम्ही मशीन नाही म्हणून नापास केलंत. मशीन आणते. मग बघा."

रबाळ्याला लेबलं छापणारा एक कारखाना होता. तिथे ती दिवसा मसाल्याच्या पाकिटांची लेबलं कॉम्प्युटरवर जुळवू लागली, आणि पगाराचं बोलण्याआधी मालकांकडून एकच गोष्ट मागून घेतली: जेवणाच्या सुट्टीत मशीन तिचं. रविवारी शोएब यायचा आणि बोटाऐवजी माऊस टेकला की पडदा बदलण्याचा प्रोग्राम शिकवायचा. मराठी अक्षरं पडद्यावर फुटायची, जोडाक्षरं तर चिखलासारखी दिसायची. तिनं एकेक ठिपका भरत लागतील तेवढी अक्षरं स्वतः घडवली. 'क्ष'ला तीन दिवस लागले.

ऑक्टोबरात तिनं मालकांकडून एका दिवसापुरतं मशीन परीक्षेला नेलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पडद्यापेक्षा वहीच जास्त वेळ वाचली. शंभरातले एकसष्ट गुण पडले. गुणपत्रिकेवर विषयाचं नाव तेच होतं.

सही करताना सरांनी विचारलं, "दवाखान्यानं घेतलं का मग हे?"

"नाही. दोनदा परत पाठवलं."

"मग?"

"सोमवारी परत जातेय," राजेश्वरी म्हणाली आणि गुणपत्रिका उचलली.