पापलेटाला जागा हाय, माझ्या पोराला नाय?

मी मुरबे गावाच्या नाक्यावरचा बातमीफलक बोलतोय. आधी मी एका होडीत होतो. ती मोडीत निघाली, तेव्हा दिनानाथ सुतारांनी तिच्या चार फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि मला इथे उभं केलं. समुद्र सुटला, पण माणसं मिळाली.

रोज सकाळी गावातला प्रदीप पेपर घेऊन येतो आणि त्यातल्या बातम्या खडूने माझ्यावर उतरवतो. शेवटी मासळीचा भाव. टोपल्या घेऊन निघालेल्या बायका थांबून वाचतात, नाहीतर कुणाकडून वाचून घेतात. गावात वाद झाला की कुणीतरी म्हणतंच, "फलकावर हाय!" आणि वाद मिटतो. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

एका पहाटे किनाऱ्यावरून जाळी चोरीला गेली. संशयावरून पोलिसांनी गावातल्याच रूपेशला नेलं. पेपरात होतं, 'जाळी चोरीप्रकरणी संशयित ताब्यात'. प्रदीपने लिहिलं, 'जाळी चोर रूपेश पकडला'.

रूपेशचं म्हणणं होतं, की त्या पहाटे तो गोजराबाईंना बोंबील वाळवायचे बांबू बांधून देत होता. त्याची आई, मासळी विकणारी सुगंधा, त्यांच्याकडे धावतच निघाली. गोजराबाई तिला माझ्यासमोरच भेटल्या.

"बांदले खरं," म्हातारी चाचरत म्हणाली. "पन तो दिस दुसरा असंल, बाय. फलकावर चोर लिवलंय ना!"

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिचा माझ्यावर जास्त विश्वास होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

सुगंधाने दगड उचलला. मला वाटलं, संपलो. पण तिने तो खाली ठेवला आणि प्रदीपला पेपरासकट घरातून ओढून आणलं.

"यात संशयित लिवलंय. तो शबूद कुटं गेला?"

"जागा नव्हती, काकी."

"जागा नव्हती? पापलेटाच्या भावाला जागा हाय, माझ्या पोराला नाय?"

प्रदीपची मान खाली गेली. सुगंधाने आपल्या पदराने मला पुसलं. मग त्याने सावकाश लिहिलं, 'रूपेशवर फक्त संशय आहे. खटला चालायचा आहे. निकाल लागलेला नाही.' त्या दिवशी भावाला जागाच उरली नाही.

गोजराबाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

"म्हंजे अजून ठरलं नाय? मग मी बगितलं ते बगितलंच! चोर पळाला म्हणून बोंब उठली, तवा रूपेश माज्या बांबूवर चडलेला!"

हेच तिने पालघरच्या कोर्टात न घाबरता सांगितलं. रूपेश सुटला. प्रदीपने 'रूपेश निर्दोष' इतकं मोठं लिहिलं, की माझ्या चारही फळ्या भरल्या. सुगंधा रडत होती आणि हसतही होती. "आता भाव पन लिव रे कोपऱ्यात. गिऱ्हाइकाला काय सांगू?"

खाऱ्या वाऱ्याने आता माझ्या कडा झिजल्या आहेत. बरेच जण मोबाइलवरच बातम्या बघतात. माझी तक्रार नाही. त्या माउलीने दगड खाली ठेवला म्हणून मी उभा आहे, नाहीतर कधीच चुलीत गेलो असतो. मोबाइल असो की माझ्यासारखी जुनी फळी, तुम्ही कुठेही बातमी लिहा, पण कोर्टाच्या आधी निकाल लिहू नका.

सुगंधा अजून रोज टोपली टेकवून थांबते. पोलिसांची बातमी असली, की एकेका अक्षरावर बोट ठेवत 'संशय' शोधते. सापडला की टोपली उचलून चालू लागते. नाही सापडला, तर सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशी हाक मारते,

"परद्या, खडू आन!"