मुठीत शिरणारं पातं

मी एक जुना खंजीर आहे, पण मित्रांनो, घाबरू नका. मी नाटकातला आहे. कुलुपं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. छातीवर दाबलं की माझं पातं स्प्रिंगवरून मुठीत शिरतं आणि प्रेक्षकांचा श्वास अडकतो.

आमचं नाटक प्राचीन रोमच्या राजकारणाचं होतं. त्यात सत्ताधीशाला त्याचा जिवलग मित्रच मारायचा. हा मित्र आपला बेत स्वगतात सांगून टाकायचा. साऱ्या नाट्यगृहाला तो कळायचा, शेजारीच उभ्या सत्ताधीशाला मात्र काही ऐकू यायचं नाही. ज्योतिषी त्याला सावध करायचा, तेही तो हसण्यावारी न्यायचा.

सत्ताधीश व्हायचे आमचे थोरले नट आणि मित्र व्हायचा धाकटा नट. धाकट्याला थोरल्यांनीच बोट धरून रंगमंचावर आणलं होतं. आमच्या मंडळीत एक रीत होती. नाटकात ज्याला मरायचंय, त्यानेच खंजीर पारखायचा. थोरले मला तेल घालत, स्वतःच्या तळहातावर दाबून पाहत आणि धाकट्याला देत म्हणत, "घे, बिनधास्त मार." माझी छाती अभिमानाने फुलायची.

एका संध्याकाळी थोरल्यांना सत्ताधीशाचा झगा खांद्यात बसेना. ते शिंप्याकडे बघत राहिले. शिंप्याने मान खाली घातली. थोरल्यांनी झगा तसाच अंगावर ओढला. मला नेहमीसारखं पारखून त्यांनी धाकट्याकडे दिलं आणि ते रंगमंचावर गेले.

विंगेत नाटकमंडळीच्या मालकांनी धाकट्याला विचारलं, "त्यांना सांगितलंस का?"

"कशाला? उद्यापासून त्यांचं काम मी करणार, ते उद्या कळेलच की."

सगळ्या मंडळीला हे ठाऊक होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण ते माझं स्वगत. थोरल्यांना कसं ऐकू जाणार?

मग तो प्रवेश आला. धाकट्याने मला उगारलं. थोरले नाटकातलं वाक्य बोललेच नाहीत. त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "धाकट्या, झगा तुझ्या मापाचा झालाय रे."

धाकट्याने मला त्यांच्या छातीवर दाबलं. माझं पातं मुठीत गेलं. टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर थोरल्यांनी झग्याची नीट घडी घातली आणि ते निघून गेले, ते परत आलेच नाहीत.

आता धाकटा सत्ताधीश आहे. त्याने मला तळहातावर कधीच दाबून पाहिलं नाही. टेबलावर दाबून पाहिलं, तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी त्याने रबराचा खंजीर आणवला आणि मला पेटीत टाकलं. इतकी वर्षं मी कोणाला साधं खरचटूही दिलं नाही, आणि भीती माझीच!

मित्रांनो, कधी ही पेटी उघडलीत तर माझ्या स्प्रिंगला थेंबभर तेल घाला. आणि मला कोणावर उगारण्याआधी स्वतःच्या तळहातावर दाबून बघा. थोरले बघायचे तसं.