चिखलाच्या रंगाचं फूल

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी स्वयंपाकघराचा पार उकिरडा झाला होता. रेलूने जुन्या मेणखडूंचा डबा टेबलावर उपडा केला होता आणि आठ वर्षांची अनिसिया तुकडे कोमट पाण्यात भिजवून त्यांचे कागद सोलत होती. कल्पना रेलूचीच. एक मार्चला वसंताच्या स्वागताला छातीवर मार्त्सिशोर लावायचं, लाल-पांढऱ्या दोऱ्याचा पीळ आणि खाली एक इवलंसं लटकन. ते विकत कशाला आणायचं? खडू वितळवू, चॉकलेटच्या साच्यात ओतू, दोरा अडकवू.

खरं सांगायचं तर त्याला पोरीशी सूत जुळवायचं होतं. ऑक्टोबरात वोइकित्साशी लग्न करून तो क्रायोवा सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, बोतोशानला राहायला आला. पण तिची लेक त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. हे त्याला फार लागायचं.

आज मात्र स्वारी खुशीत होती.

"काका, हिरव्यात लाल नको! चिखल होतो!"

"होऊ दे की. चिखलाचं फूल करू."

"ई!"

गरम पाण्यात ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात एकेक रंग वितळत होता. रेलू तो साच्यात ओतायचा आणि मेण अर्धवट गोठलं की अनिसिया त्यात दोरा खुपसायची. मासे, फुलं, लाल किडे तयार झाले. मग ती चिठ्ठ्यांवर नावं लिहायला बसली. इउस्तिन, राऊल, सेबी...

"अगं, हे तर सगळे मुलगे!" रेलू म्हणाला.

"मग?"

"मुलगे मुलींना देतात. मुली कशाला देतील?"

अनिसियाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने बूट डोक्यावर घालायला सांगितले होते. "मुलीच देतात मुलग्यांना! मुलीने लावलं तर वर्ग हसेल."

चुलीपाशी वोइकित्सा खो खो हसत होती. "रेलू, तुमच्याकडे बायका मिरवतात, आमच्याकडे पुरुष. पातीचे कांदे खाऊन खाऊन तुम्हा क्रायोवावाल्यांचं सगळंच उलटं! इथे लेक बापाला देते, बहीण भावाला."

लेक बापाला देते. हे ऐकलं आणि रेलू हावरा झाला. टेबल पुसायच्या निमित्ताने तो चिठ्ठ्यांवर नजर ठेवून राहिला. वर्गातले मुलगे संपले. सगळ्यात सुबक निळा मासा तिने कापसात गुंडाळून पाकिटात घातला. तो इटलीत तोरिनोला कामाला असलेल्या तिच्या बाबासाठी. ते रास्तच होतं. तिकीटही रेलूनेच चिकटवलं. त्यानंतर मात्र तिने पेन बंद करून ठेवलं.

'चाळिशी उलटली तुझी, पोरासारखा रुसतोस काय!' त्याने स्वतःलाच झापलं. पण रुसला तो रुसलाच.

ती खेळायला गेल्यावर त्याने डब्यांच्या तळाशी उरलेलं सगळं मेण खरवडून एकत्र वितळवलं आणि गुपचूप एक फूल पाडलं.

एक मार्चला सकाळी शाळेला निघताना त्याने ते तिच्या कोटावर टाचलं. "आमच्याकडे मुलींना देतात. नको वाटलं तर कोपऱ्यावर गेल्यावर काढ आणि खिशात टाक. मला काही वाटणार नाही."

ही शुद्ध थाप होती.

अनिसियाने मान वाकवून फूल पाहिलं. "चिखलाच्याच रंगाचं केलंत," म्हणाली आणि जिना उतरून पळाली.

दिवसभर रेलूचं कामात लक्ष नव्हतं. दुपारी गॅरेजमधून तो घरी आला तेव्हा वोइकित्सा दुकानावर होती आणि अनिसिया एकटीच सूप पीत बसली होती. खुंटीवरच्या कोटावर फूल तसंच होतं, फक्त एक पाकळी उडाली होती.

"हसले का गं?"

"खूप. राऊल म्हणाला, तू मुलगा झालीस. मी ढकललं त्याला, त्यात पाकळी तुटली."

रेलूचा चेहरा पडला. "अगं, मग काढून टाकायचं ना!"

"का म्हणून?" तिने चमचा खाली ठेवला. "मी सांगितलं सगळ्यांना, तुमच्याकडे नसेल, पण आमच्या घरी मुलींनाही देतात. काका, मला पाव द्या ना."

रेलूने झटकन पाठ फिरवली. डोळे भरून आले होते, आणि ते तिला दिसू द्यायचे नव्हते. पाव कापायची सुरी शोधत तो बराच वेळ खण उघडत-मिटत राहिला.

"काका, सुरी इथे टेबलावरच आहे," अनिसिया म्हणाली.